सरडा काळा पडला की

मी द्राक्षं खात नाही. येडगाव धरणाच्या काठावर वाढलेल्या मुलीनं असं म्हणणं म्हणजे कोकणातल्या माणसानं मासे खात नाही म्हणण्यासारखं आहे. लग्न होऊन मंचरला आले, तेव्हा पहिल्याच वर्षी सासूबाईंनी विचारलं, "पित्ताचा त्रास आहे का गं?" मी हो म्हणाले. पित्त हे फार सोयीचं उत्तर असतं. त्याच्यापुढे कुणी काही विचारत नाही.

दसरा झाला की हा हंगाम येतो. मी शिकवते त्या शाळेच्या मागे हल्ली एक द्राक्षबाग झाली आहे. मुलं गणितं सोडवत असतात, मी फळ्याकडे तोंड करून उभी असते, आणि खिडकीतून तो वास येतो. वरवर गंधकाचा, ओल्या गोणपाटाचा, आणि तळाशी जळक्या लसणाचा. मी खडू ठेवते आणि खिडकी लावून घेते. "बाई, उकडतंय," पोरं म्हणतात. उकडू दे. माझी खिडकी संक्रांतीपर्यंत लागलेलीच असते.

ज्यांच्याकडे बाग नाही त्यांना हा हंगाम सांगून कळायचा नाही. पावसाळा सरला की द्राक्षाचा वेल छाटतात. सगळी बाग बोडकी होते, नुसते खांब, तारा आणि काड्या. मग काड्यांवरचे डोळे फुगतात, फुटतात, पोपटी पानं येतात, आणि तिथून मणी धरेपर्यंत बागायतदाराचा जीव आभाळाला टांगलेला असतो. दोन दिवस ढग आले, वर दव पडलं, की पानाच्या पाठीवर पांढरी लव धरते. तिला आमच्याकडे डावणी म्हणतात. आज पान, उद्या घड, परवा सगळी बाग. त्या दिवसांत आमच्याकडची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत, वर बघून बोलतात. आणि वर काही दिसलं रे दिसलं की पंप सुरू होतात. पंपातून जे उडतं त्याला आम्ही विष म्हणत नाही, औषध म्हणतो. "औषध मारलं का?" असं विचारतो, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

आमची बाग तात्यांची. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. वडील एस.टी.त ड्रायव्हर, कधी या डेपोला तर कधी त्या डेपोला, त्यामुळे मला वाढवलं ते तात्यांनीच. रुंद छातीचा, मोठ्यानं हसणारा, कुणाचंही न ऐकणारा माणूस. काकू म्हणायच्या, "यांना देव जरी सांगाय आला ना, तर त्यालाच बसवून च्या पाजतील आन् आपलंच खरं करतील." त्यांचा मुलगा संदीप तेव्हा अगदी लहान, पाटी फोडायच्या वयाचा. मी अकरावीला होते, जुन्नरच्या कॉलेजात, सायन्सला. नव्वदचं दशक संपत आलं होतं.

कॉलेजात आम्हाला प्राण्यांचे धडे होते. त्यात रंग बदलणारा सरडा होता. कुंपणावर मान हलवणारा नेहमीचा नव्हे. डोक्यावर टोपीसारखा उंचवटा, शेपटीचं वेटोळं, आणि दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा खरा सरडा. आमच्याकडे त्याला घोयरा म्हणतात. मी घरी येऊन तात्यांना सांगितलं, की याचा एक डोळा पुढे बघतो तेव्हा दुसरा मागे बघत असतो. तात्यांना ते इतकं आवडलं की जेवता जेवता घास हातात राहिला. "म्हंजी याला मागनं कोण आलं त्ये बी कळतं! सुमे, असलं जनावर आपल्याकडं पायजे." असले प्राणी पाळायचे नसतात, कायद्यानंही नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी तात्यांनी कायद्याला चहा पाजला असता.

छाटणीच्या आधी बागेशेजारच्या मोकळ्या रानात भिवा आबांच्या मेंढ्या बसायच्या, खतासाठी. दरवर्षीचा रिवाज. आबा वाळकेसे, डोळ्यांत पाणी असलेले, आणि बोलताना शेवटचा शब्द गिळणारे. त्यांना विचारलं तर म्हणाले, लेण्याद्रीच्या वाटेला एका बोरीवर दोन घोयरे आहेत. तात्यांनी लगेच गाडीला किक मारली, मागे मी, माझ्या मागे आबा, आणि आबांची काठी आडवी, येणाऱ्याजाणाऱ्यांना ढोसत.

बोरीवर खरंच दोघं होते. एक मोठा, झळझळीत हिरवा, आम्हाला बघून गळा फुगवून फुसफुसणारा. दुसरा त्याहून लहान, मळकट, फांदीच्या आड सरकलेला. सरडा कसा निवडावा हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. तात्यांना बैल निवडायला येत होता, म्हणून त्यांनी सरडाही बैलासारखाच निवडला. शेपूट पाहिली, पाय पाहिले, कातडी तुकतुकीत आहे का ते पाहिलं. मग काठीवर घेऊन चालवून पाहिला. तो एक पाऊल उचलायचा, हवेत तसंच धरून झुलायचा, आणि मग टाकायचा.

"हा तर निवडणुकीला उभं ऱ्हायल्यावानी चालतोय," तात्या म्हणाले. "टाकू का नगं, टाकू का नगं."

मला तो लहान हवा होता. मोठा आमच्या दोघांवर एकेक डोळा लावून होता आणि मला त्याची भीती वाटत होती. पण तात्या म्हणाले, "गरीब जनावर दावणीला लवकर मरतं. रागीट असलं की टिकतं." मोठाच घ्यायचा ठरला.

आबा लांब उभे होते. "हात नगा लावू, राव," ते म्हणाले. "घरात न्हेत नसत्यात त्याला."

"का? चावतो?"

"चावत न्हाई. रंग दावतो. घोयरा ज्या घरात काळा पडतो, त्या घरचं माणूस काळं पडतं. आमच्या आज्यानं सांगितलेलं हाय."

तात्या हसले. मीही हसले, कारण मी सायन्सला होते. आबा हसले नाहीत. येताना ते गाडीवर बसले नाहीत, चालत आले.

घरात नवा फ्रीज आला होता, त्यामुळे दूधदुभत्याचं जुनं जाळीचं कपाट पडवीत रिकामं पडलं होतं. हिरव्या रंगाचं, चारी बाजूंनी बारीक जाळी, मांजरीपासून साय राखणारं. मधल्या फळ्या काढल्या, बोरीची एक फांदी आडवी अडकवली, बागेतल्या दोन काड्या उभ्या केल्या. कपाटाला आतून अजून ताकाचा वास येत होता. पडवीचं तोंड पूर्वेला, समोर सगळी बाग. सकाळचं पहिलं ऊन त्या जाळीवर पडायचं आणि सरड्याच्या अंगावर चौकटी उमटायच्या. वाटीत पाणी ठेवलं तर तो ढुंकून बघेना. मग काकूंनीच शोध लावला. इस्त्रीच्या कपड्यांवर शिंपडतात तसं त्यांनी पानांवर पाणी शिंपडलं, आणि तो हळूच पुढे येऊन एकेक थेंब चाटू लागला. "माझ्या सासरची समदीच लाडावलेली," काकू म्हणाल्या, पण रोज सकाळी चुलीवर चहा ठेवायच्या आधी त्या शिंपडायला जायच्या.

खाणं आणायचं काम माझं. बागेच्या बांधावर नाकतोडे असायचे. झाकणाला भोकं पाडलेला डबा घेऊन मी कॉलेजला जायच्या आधी एक फेरी मारायची. सुरुवातीला माझी दमछाक व्हायची. हात नेला की उडालाच. डब्यात जेमतेम दोन-तीन पडायचे. मग सरड्यापुढे एक सोडायचा. त्याचे दोन्ही डोळे पहिल्यांदाच एका दिशेला यायचे, आणि काय झालं ते कळायच्या आत नाकतोडा नसायचा. ती जीभ मला कधीच नीट दिसली नाही. तात्या ते बघायला हातातलं काम टाकून यायचे आणि दर वेळी लहान मुलासारखी टाळी वाजवायचे. मला ते दिवस आठवले की आधी ती टाळी ऐकू येते.

एका सकाळी सरडा काळा होता.

मी जाळीला नाक लावून पाहिलं. कोळशासारखा नव्हे, ओल्या मातीसारखा काळपट, पोट चपटं करून उन्हाकडे कूस केलेली. मला आबा आठवले. मी तात्यांना हाक मारली. तात्यांनी सरड्याकडे पाहिलं, मग बागेकडे, मग वर. वर धुकट होतं. "याला कळलंय," ते म्हणाले. "आभाळ येनार." आणि त्यांनी त्याच दिवशी औषध मारलं. दुसऱ्या दिवशी खरोखर ढग आले, दोन दिवस राहिले, वर चार थेंबही पडले. शेजारच्या दोघा-तिघांच्या बागेत डावणी शिरली. आमच्या बागेत पानसुद्धा डागाळलं नाही.

आज मी मुलांना शिकवते, की हा प्राणी थंडीत अंग गडद करतो, ऊन जास्त शोषलं जावं म्हणून. धुक्याच्या सकाळी तो काळाच असणार, आणि ऊब आली की हिरवा होणार. आभाळाचं त्याला काही देणंघेणं नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढंच. पण फांदी तुटलेली बागायतदारानं डोळ्यांनी पाहिली होती. त्याला कावळ्याबद्दल काय सांगणार? मी तरी कुठे सांगितलं? मला तर वाटलं होतं, आबांच्या आज्याला अर्धंच कळलं होतं. काळा पडणं हा शाप नाही, सूचना आहे. मला ते फार शास्त्रीय वाटलं.

मग रोज सकाळी आमच्या फाटकाशी मोटरसायकली थांबायला लागल्या. "तात्या, काय म्हनतंय हवामान खातं?" पडवीत चहा व्हायचा, सरडा बघितला जायचा, आणि वस्तीवर त्या दिवशी औषध मारायचं की नाही ते ठरायचं. टीव्हीवर बातम्यांनंतर हवामान सांगायचे, पण ते अख्ख्या महाराष्ट्राचं. हा आमच्या वस्तीचा होता. कुणी त्याला अगरबत्ती ओवाळली. काकूंनी ती हिसकावून घेतली, म्हणाल्या, "धुरानं मरंल की त्यो!" धुराची काळजी आम्ही घेतली, हे मला आजही आठवतं.

तात्यांची फवारणी मी रोज बघत होते. अंगात बनियन, खाली हाफ पॅन्ट, पायांत काही नाही. तोंडाला टॉवेल, पण त्याच टॉवेलनं घाम पुसायचे. बॅरलमध्ये डावणीचं औषध, आणि "एका पान्यात दोन कामं" म्हणून उडद्या किड्याचंही, एकत्रच. ढवळायला काठी सापडली नाही की हात कोपरापर्यंत आत. मग हात झटकून तंबाखू मळायची. मी काही बोलले की म्हणायचे, "अगं, औषध हाय. पिकाला बाधत न्हाई त्ये मला काय बाधनार?" आजूबाजूला सगळेच तसे मारत होते, त्यामुळे त्यात घाबरण्यासारखं काही दिसत नव्हतं. भीती ही नव्या गोष्टीची वाटते. रोजच्या गोष्टीची सवय होते.

दिवस जात होते तसा सरडा जास्त वेळा काळा दिसू लागला. आधी सकाळचा तेवढा असायचा, मग दुपारपर्यंत, मग उतरत्या उन्हातसुद्धा. वर आभाळ निळंभोर, आणि हा कपाटाच्या कोपऱ्यात काळाठिक्कर. मी म्हणाले, "तात्या, ऊन तर लख्ख आहे."

"याला आता दोन दिस आधी कळाय लागलंय," तात्या म्हणाले. "मुरलाय त्यो."

ढग आले नाहीत तर म्हणायचे, आपण औषध मारलं म्हणून वाचलो. आले तर म्हणायचे, बघ. कसंही झालं तरी सरडा खरा आणि पंप सुरू. आणि एक गोष्ट मला तेव्हा नुसती सोयीची वाटत होती. नाकतोडे सापडायला लागले होते. हात नेला तरी उडत नव्हते. पानावर बसून असायचे, पाय किंचित थरथरत, आणि मी ते बोरं वेचावीत तसे वेचायचे. डबा भरून यायचा. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी तर काही विचारूच नका. मी कौतुकानं डबा वाजवत घरी यायचे, आणि सरडा काळा दिसला की तात्या पंपाकडे जायचे.

तो दिवस आठवला की मला आधी पंपाचा आवाज ऐकू येतो. मी बांधावर होते. पंप फटफटत होता, पण ओळीतून पुढे सरकणारा फवाऱ्याचा ढग एकाच जागी थांबला होता. मी वाकून मांडवाखालून पाहिलं. फवाऱ्याची गन जमिनीवर पडली होती आणि आभाळाकडे फवारत होती. तात्या खांबाला टेकून बसले होते. थंडीचे दिवस, आणि अंगातून घामाच्या धारा. तोंडातून लाळ येत होती आणि त्यांना ती पुसता येत नव्हती. दंडावरचं मांस आपलं आपणच उडत होतं.

"सुमे," ते म्हणाले, "अंधारलं का गं? आभाळ आलं बघ."

डोक्यावर ऊन होतं. इतकं लख्ख की पानांच्या सावल्या त्यांच्या तोंडावर नक्षीसारख्या पडल्या होत्या. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि मला बाहुल्या दिसल्याच नाहीत. टाचणीनं टोचल्यासारखे नुसते दोन ठिपके. मी किंचाळले. पंप बंद करायचं मला सुचलंही नाही. आमच्या अंगावर पावसासारखं औषध पडत राहिलं, आणि त्या पावसात मी त्यांना ओढत राहिले.

जीपमधून आधी नारायणगाव, तिथून पुढे मंचर. आज मी ज्या गावात राहते तिथे पहिल्यांदा आले ती अशी. तात्यांचं डोकं काकूंच्या मांडीवर, आणि काकू पदरानं लाळ पुसत सारख्या म्हणत होत्या, "काळं पडलं ओ तोंड. तोंड काळं पडलं." एव्हाना जीपमधल्या प्रत्येकाला आबांचं बोलणं ठाऊक होतं.

डॉक्टर तरुण होते, दमलेले. एकामागून एक इंजेक्शनं देत, बॅटरीनं तात्यांच्या बाहुल्या बघत होते. मध्येच म्हणाले, "फवारणी किती दिवसांनी करता?"

काकू म्हणाल्या, "सरडा काळा पडला की."

डॉक्टरांनी मान वर केली. "कोण?"

"सरडा. घरी हाय. त्यो काळा पडला की ह्ये मारत्यात."

"आणि गेल्या काही दिवसांत?"

"रोजच काळा व्हता की, सायेब."

डॉक्टरांनी बॅटरी खिशात टाकली. मग माझ्याकडे वळले, कारण माझ्या अंगावर कॉलेजचा युनिफॉर्म होता. "हे औषध अंगात जातं. श्वासातून, हातातून, जेवणातून. थोडं थोडं साठत जातं. तो सरडा काय खातो?"

माझ्या डोळ्यांपुढे ते पाय थरथरणारे नाकतोडे आले, आणि सगळं एका क्षणात नीट जुळलं. तो आभाळामुळे काळा पडत नव्हता. आम्ही फवारत होतो, तेच मी त्याला भरवत होते, तो खंगून काळवंडत होता, आणि ते बघून तात्या आणखी फवारत होते. आबांच्या आज्याचं बोलणं खरं झालं होतं, फक्त उलट्या बाजूनं.

दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला घरी आले. सरडा कपाटाच्या तळाशी आडवा होता. फिकट, पिवळसर, जवळजवळ पांढरा. जीभ बाहेर पडलेली होती. जी जीभ मला कधी दिसली नव्हती ती मी तेव्हा नीट पाहिली, त्याच्या अंगाएवढी लांब, फळीवर चिकटलेली. मी त्याला बागेच्या टोकाच्या खांबाशी पुरलं. वस्तीवरच्या बायका फाटकाशी जमल्या होत्या. "मेला ना? बरं झालं. त्यानंच केलं समदं." वड्याचं तेल वांग्यावर काढायला आपल्याला फार आवडतं, आणि सरड्याला दोष देणं किती सोपं होतं. औषधाला दिला असता तर दुसऱ्या दिवशी फवारायचं काय? आबा मात्र आले, पडवीत उकिडवे बसले आणि रिकाम्या कपाटाकडे बघून एवढंच म्हणाले, "त्याला बी दवाखान्यात न्यायाचा व्हता, पोरी." मग मला रडू आलं.

तात्या वाचले. फवारणीच्या औषधावर दिलेल्या उताऱ्यानं त्यांना भ्रम झाला होता. तोंड लालबुंद, हातानं हवेतली काहीतरी पानं तोडत होते. शुद्धीवर आले तेव्हा मी जवळ होते. ओठ कोरडे, आवाज खोल गेलेला. पहिलं वाक्य काय म्हणाले असतील?

"सरडा कसाय? रंग?"

काळा म्हणाले असते तर हा माणूस सलाईन उपटून पंपाकडे गेला असता. मेला म्हणाले असते तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. मी म्हणाले, "हिरवा. हिरवागार आहे, तात्या."

"म्हंजी हवा चांगली हाय."

"चांगली आहे."

"मंग नगं मारायाला," असं म्हणून ते झोपले.

घरी आल्यावर कपाट रिकामं दिसलं तेव्हा मी सांगितलं, पुन्हा बोरीवर सोडला. त्यांनी मान हलवली. त्यांचे हात तेव्हापासून थरथरतात. चहाचा कप बशीवर वाजतो, आणि तो आवाज ऐकून काकू अजूनही स्वयंपाकघरातून बाहेर डोकावतात. त्या वर्षी निम्मी बाग डावणीनं गेली. उरलेल्यातला पहिला घड लेण्याद्रीच्या गणपतीला न्यायचा होता, दरवर्षीसारखा. तात्यांनी तो धुतला, पुन्हा धुतला, वास घेतला, आणि परत पाण्यात टाकला. शेवटी पायथ्याशी नारळ घेतला. "नारळच बरा," म्हणाले. "त्याला कवटी असती." घड कुणी खाल्ला, मला आठवत नाही. मी खाल्ला नाही.

तेव्हापासून दर हंगामात ते विचारायचे. मी घरी असले की बोरीपर्यंत जाऊन आल्याचं नाटक करायची. लग्नानंतर फोनवर. "सुमे, परवा माहेराला आलतीस, बोरीवर दिसला का? रंग कसा व्हता?" मी म्हणायची, हिरवा. मग ते फवारणीचा एक हात चुकवायचे. कधी बाग थोडी जायची, कधी राहायची. नवरा हसायचा, एक सरडा इतकी वर्षं कसा काय जगतो म्हणून. मी म्हणायची, तुम्हाला नाही कळायचं.

गेल्या वर्षी छाटणीच्या दिवसांत मी पडवीत त्यांच्याशेजारी बसले होते. ते कपाट अजून तिथेच आहे, त्यात आता रिकाम्या बाटल्या ठेवतात. तात्यांनी दोन्ही हातांनी कप धरला आणि समोर बघत म्हणाले, "टोकाचा खांब बदलताना हाडं घावली व्हती मला. लई वर्सं झाली. शेपटीचं येटोळं तसंच व्हतं."

मी माझा कप खाली ठेवला.

"पुन्यांदा तिथंच बुजवली," ते म्हणाले. "मला ठावंच हाय गं. पर तू सांगत जा. तू हिरवा म्हनलीस की माझा हात पंपाकडं जात न्हाई."

यंदा परवा फोन आला. संदीपचा. तो आता तात्यांच्या रुंद छातीचा झाला आहे, हसतोही तसाच. बाग तोच बघतो. ट्रॅक्टरला जोडलेला फवारणीचा ब्लोअर घेतला आहे, त्याच्या ढगात अख्खी ओळ एका दमात दिसेनाशी होते. नाकातोंडाला लावायचा मुखवटाही मी त्याला आणून दिला होता. मागच्या खेपेला तो ट्रॅक्टरच्या आरशाला अडकवलेला दिसला, वेष्टनासकट.

"ताई, मोबाईलवर मेसेज आलाय," तो म्हणाला, "दोन दिस ढगाळ. डावणी येनार म्हंजी येनारच. आन् हितं आमचं म्हातारं ट्रॅक्टरपुढं आडवं ऱ्हायलंय. म्हनतंय, सुमीला इचार, मगच मार. काय इचारायचं त्ये बी सांगंना. रंग इचार म्हनतंय. कसला रंग गं?"

मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. मागच्या बागेतून वास येत होता.

"हिरवा," मी म्हणाले. "हिरवा आहे म्हणावं. संद्या, ऐक माझं, आज मारू नको."

तो हसला. "तू बी ना, ताई. मेसेज काय खोटा आसतो व्हय?"

त्यानं फोन खिशात टाकला असावा, बंद करायचा राहिला. आधी कापडाची खरखर आली. मग ब्लोअर सुरू झाला, आणि त्या आवाजात, लांबून, फाटलेल्या गळ्यानं तात्या ओरडत होते, "हिरवा म्हनली ती! ऐकलंस का? आरं, हिरवा म्हनली!"